एकट्यासाठी 30 फूट

सांगलीत फूट हे माप पाण्याचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. त्यामुळे शिडाची बोट घेऊन एकटाच तिच्यात राहणार म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "महापुराची तयारी का?" आणि दुसरा, "घेताय तर 40 फुटी घ्या की! पाहुणे आले तर?"

पाहुणे येऊ नयेत म्हणूनच 30 फुटी, हे तोंडावर सांगता येत नाही. मग मी दुसरं कारण देतो, तेही खरंच आहे. लांबी वाढली की शीड, तारा, नांगर, रंग सगळंच वाढतं, आणि मरिनावाले, म्हणजे बोटी लावायला धक्का देणारे, भाडं लांबीवरच लावतात. शिवाय वाऱ्यात बोट धक्क्याला लावताना सुकाणूही आपणच धरायचं आणि दोरही आपणच फेकायचा. 28 ते 32 फुटांत एकट्याचं भागतं.

"इथंच कृष्णेत ठेवा की," असाही एक सल्ला असतो. बोटीची कील, म्हणजे तळाला खाली उतरलेलं जड पातं, पाण्याखाली दीड मीटर जाते. उन्हाळ्यात ती रुतली की घाटावर बघ्यांची सोय होईल. समुद्र गाठावा तर नदी निघाली बंगालच्या उपसागराकडे, आणि वाटेत अलमट्टी धरणाची भिंत.

बोट बघायला जाताना प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी न्यावी. माठ घेताना वाजवतो तसा डेक वाजवत जायचं. टणटणला तर ठीक. बद्द वाजला तर फायबरच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड बहुधा पाणी पिऊन कुजलेलं. पाणी शिरतं स्क्रूंच्या भोकांतून, म्हणून कठड्याच्या खांबांपाशी जास्त वाजवावं. मालकाचा चेहराही तिथंच बघावा.

तळाच्या भोकांवरचे कॉक, म्हणजे पाणी बंद-चालू करायच्या तोट्या, पितळी असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो. मग एक दिवस कॉक हातात आणि समुद्र घरात. ब्राँझचेच हवेत. डोलकाठीच्या तारा साधारण 10-15 वर्षांत बदलाव्या लागतात. "आत्ताच बदलल्यात" म्हणणाऱ्याकडं पावती मागावी.

बघणारे ओव्हनवर भाळतात. मी आधी नांगराची चरखी बघतो. 5 मीटर पाण्यात निदान 25 मीटर साखळी सोडावी लागते. 8 मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे 1.4 किलो, म्हणजे 35 किलो झाली, नांगर वेगळा. रात्री दोनला वारा फिरला की हे सगळं ओढायला पाहुणे नसतात.

पैसे देण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून तपासायचीच. विकणारा म्हणतो, "कशाला खर्च? तरंगतेय ना?" तरंगतेय खरी, पण कदाचित पंपाच्या जिवावर. बिल्जचा, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणारा, पंप बंद करावा, तासभर गप्पा माराव्यात आणि मग तळावरची फळी उचलून बघावं.