महिन्याला पासवर्ड बदलून काय होणार?

पासवर्ड सांभाळण्यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातला 'दर महिन्याला पासवर्ड बदला' हा सल्ला काही पटला नाही. कोल्हापुरात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या दुकानांचे कॉम्प्युटर बघायचं माझं काम. महिना उलटला की 'अंबाबाई@1' चं 'अंबाबाई@2' होतं, बास. कीबोर्ड उलटा केला की खाली चिठ्ठी चिकटवलेली असतेच. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनं 2017 मध्येच सांगितलंय की ठरावीक मुदतीनं बदलायची सक्ती नको, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा. आकडा-चिन्हाच्या सक्तीपेक्षा लांबी महत्त्वाची.

आणि सगळा भार वापरणाऱ्यावरच का? 2009 मध्ये 'रॉकयू' या सोशल मीडियासाठी ॲप बनवणाऱ्या कंपनीकडचे तीन कोटींवर पासवर्ड फुटले, ते जसेच्या तसे साठवलेले होते. तिथं तुमचा पासवर्ड कितीही भारी असून उपयोग शून्य. सर्व्हरवर पासवर्ड नाही, त्याचा 'हॅश' ठेवायचा असतो, म्हणजे त्यावरून गणितानं काढलेला असा सांकेतिक मजकूर, जो उलटा फिरवून मूळ पासवर्ड मिळत नाही. हॅश काढताना पासवर्डात प्रत्येकासाठी वेगळं 'सॉल्ट', म्हणजे कशीही निवडलेली जादा अक्षरं, घातली की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे येतात. शिवाय हॅश काढायची बीक्रिप्टसारखी पद्धत मुद्दाम संथ असते, त्यामुळे अंदाज लावत बसणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

ओळखायची सोपी खूण सांगतो. 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर नवीन करायची लिंक न येता जुनाच पासवर्ड मेलवर आला, तर तिथं तो उघडा किंवा परत वाचता येईल असा ठेवलाय. हे एका बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला दाखवलं, तर म्हणतो, "ओ दादा, गिऱ्हाईक विसरतंय की, मग काढून द्यायला नको?"