शिक्षण समितीवर वर्णी लागलेल्या नगरसेवकास

स्थायी समिती हुकली, हे एकदा मान्य करा आणि मोकळे व्हा. चार दिवस फोन बंद ठेवून झाला, गटनेत्यांच्या दारात बसून झालं, 'पक्षाने निष्ठावंतावर अन्याय केला' असं कार्यकर्त्यांच्या तोंडून वदवूनही झालं. तरी यादीत नाव आलं ते शिक्षण समितीत. घरच्यांनी सांत्वन केलं असेल. पण खचू नका. या खात्यात जी सोय आहे ती रस्ते, पाणी, कचरा यांत शोधून सापडायची नाही: ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांना मतच नसतं. आज पहिलीत बसलेलं पोर मतदार यादीत येईपर्यंत दोन निवडणुका उलटतात आणि तोवर तुमचा प्रभाग आरक्षणात गेलेला असतो.

दुसरा दिलासा असा, की राज्यातल्या बहुतेक महापालिकांत २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत नगरसेवक नावाचा प्राणीच नव्हता. प्रशासक कारभार हाकत होते. त्या काळात पालिकेच्या शाळांची घंटा वाजत राहिली, खिचडी शिजत राहिली, छतं गळत राहिली. तुमच्यावाचून काही अडलं नाही. म्हणजे तुमच्या येण्याने काही सुधारावं, अशी अपेक्षाही कुणी धरलेली नाही. इतकं मोकळं मैदान फार थोड्यांच्या नशिबी येतं.

आता पथ्यपाणी. कायदा वाचायचा नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा टेबलावर ठेवायला हरकत नाही, फोटोत बरा दिसतो. पण उघडायचा नाही आणि त्यातलं नववं कलम तर चुकूनही नाही. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवणं, स्थलांतरितांच्या पोरांना शाळेत दाखल करून घेणं, ती वर्गात येतात की नाही यावर लक्ष ठेवणं, हे सगळं तिथे स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे तुमच्याच महापालिकेच्या गळ्यात घातलेलं आहे. एकदा वाचलंत, की सिग्नलवर गजरे विकणारी पोरगी दिसू लागते. आज ती काळ्या काचेपलीकडे आहे, तिथेच राहू द्या. पत्रकाराने छेडलंच तर सांगा, 'सर्वेक्षण झालेलं आहे.' यात खोटं काहीच नाही. ४ जुलै २०१५ रोजी सरकारने अख्ख्या महाराष्ट्रातली शाळाबाह्य मुलं एका दिवसात मोजून दाखवली होती. मोजून झालेली मुलं पुन्हा कशाला मोजायची?

तुम्ही निवडून आलेल्या ताई असाल, तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. समितीच्या बैठकीची विषयपत्रिका तुमचे 'साहेब' वाचतील. तुम्ही फक्त सही कुठे करायची ते विचारा.

कामाची सुरुवात वह्यांनी करा. कव्हरवर पुढच्या बाजूला तुमचा हसरा फोटो, वर कोपऱ्यात गोल चौकटींत नेते, उतरत्या क्रमाने, आणि त्यांच्या आकारात चूक झाली तर पुढचं तिकीट गेलं म्हणून समजा. मागच्या पानावर पाढे छापण्याची पद्धत होती, ती मोडीत काढा. तिथे विकासकामांची यादी बसते. पानं आतून किती पातळ आहेत, हे कुणी पाहत नाही. पेनाने लिहिलं तर अक्षर पलीकडे उमटतं खरं, पण त्यामुळे मूल एकाच बाजूला लिहायला शिकतं आणि वही लवकर संपते. लवकर संपली की पुन्हा वाटप, पुन्हा फोटो. वाटप शाळेतच करा, तेही पहिल्या तासाला, आणि स्टेज बांधून करा. पोरं दीड तास उन्हात बसतील. बसू द्या, त्यांना सवय आहे. दर झेंडावंदनाला ती तुमच्याच गाडीची वाट पाहत उभी असतात.

दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार हा याचाच थोरला भाऊ. तिथे ध्यानात ठेवायचं एवढंच, की ट्रॉफी मुलाच्या हातात कमी आणि तुमच्या हातात जास्त दिसली पाहिजे. त्या मुलांना शिकवलं कुणी, असा प्रश्न मंचावर येऊ द्यायचा नाही.

खरं कौशल्य मात्र पैशाच्या प्रवासात आहे आणि इथे जरा वेळ द्या. अंदाजपत्रकात शाळा दुरुस्तीचं शीर्ष असतं, त्यात रक्कम असते. एप्रिलमध्ये ती तशीच असू द्या. मे महिन्यात, शाळा रिकाम्या असताना, दुरुस्ती करून टाकावी असा विचार एखादा अभियंता मांडेल. त्याला टिपण सादर करायला सांगा. टिपण फिरेल, शेरे पडतील, पाऊस येईल, निविदेत त्रुटी निघेल, दिवाळी होईल. फेब्रुवारीत तुम्ही चिंतेच्या सुरात म्हणायचं, 'निधी अखर्चित राहतोय, लॅप्स होईल.' मग येतो वर्गीकरणाचा ठराव, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा. त्याला कुणी विरोध करत नाही, कारण प्रत्येकाला स्वतःचाही एक मंजूर करून घ्यायचा असतो. शाळेच्या छताचे पैसे मार्चअखेर तुमच्याच कॉलनीतल्या पेव्हर ब्लॉकमध्ये उतरतात. जुने ब्लॉक चांगले होते, अशी कुरकुर ज्येष्ठ नागरिक करतील. त्यांच्यासाठी त्यावर बाक टाका, बाकावर नाव टाका.

हेच अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या पाच टक्क्यांचं. नावात बालक आहे म्हणून दचकू नका. त्यातून शिवणयंत्रं येतात, ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण येतं, हळदीकुंकवाला लागेल ते सगळं येतं. आईचं कल्याण झालं की बाळाचं आपोआप होतं, हा सिद्धान्त मुख्य सभेत आजवर कुणी खोडलेला नाही.

आता स्वच्छतागृह. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं हवीत, असं कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय. ती बांधा, जरूर बांधा, कारण बांधकामाला बिल असतं. बाहेर ग्रॅनाइटची कोनशिला लावा. महापौर, उपमहापौर, स्थायी समिती अध्यक्ष, सभागृह नेते, मग 'संकल्पना' म्हणून ठळक अक्षरांत तुम्ही. त्या इमारतीत सर्वांत महाग वस्तू ती कोनशिलाच असेल, असं बघा. वर टाकी बसवा. टाकीला पाइप जोडणं हे पाणीपुरवठा खात्याचं काम आहे, त्यात नाक खुपसू नका. आतून कडी नसेल, तर एक मुलगी दार धरून उभी राहते आणि दुसरी आत जाते. याला शाळेत 'सहकार्याची भावना' म्हणतात. उरलेल्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी त्यांचं डोकं दुखतं. सहावी-सातवीतल्या काही जणी महिन्यातून चार दिवस येतच नाहीत, म्हणजे तेवढा वापरही कमी, झीजही कमी. पुढे पाणी नाही म्हणून दाराला कुलूप लागेल आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये जाईल. कुलूपबंद वास्तू वर्षानुवर्षं नवी दिसते. पुढच्या निवडणुकीला फरशी पुसून पुन्हा फोटो काढता येतो.

अंगणवाडीचं प्रकरण त्याहून सोपं, कारण ते तुमचं नाहीच. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना केंद्राची, राबवणार राज्य, जागा कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. वस्तीतल्या भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत धान्याची पोती, वजनकाटा, भिंतीवरचा फळांचा तक्ता आणि पंचवीस पोरं असा संसार असतो. सेविका एका हाताने मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरते, कारण वरून त्याची विचारणा होते. दुसऱ्या हाताने खाऊ वाटते, ज्याची विचारणा होत नाही. ती एखाद्या दिवशी तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, 'साहेब, समाजमंदिराची खालची खोली सकाळची रिकामी असते, आम्हाला द्या ना.' ती खोली रिकामी कशी असेल? तिथे तुमचं जनसंपर्क कार्यालय आहे. जनता सकाळी येत नाही, हा काय तुमचा दोष? हात जोडा, चहा पाजा, राज्य सरकारकडे पाठपुरावा करतो म्हणा. वजनात कमी भरलेल्या पोरांच्या तिच्या वहीत डोकावू नका, आकडे लक्षात राहतात.

शिक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दल विचारणा झाली, तर 'पवित्र पोर्टल' (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ) एवढंच म्हणायचं आणि आभाळाकडे बोट करायचं. साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत, हे कुणी कायद्यातून दाखवलं तर म्हणा, आहेत की दोन. एक प्रशिक्षणाला गेलेत आणि दुसरे मतदार याद्यांच्या कामावर आहेत. चार वर्गांना फळा एकच पुरला, यात उलट काटकसर आहे. बसवलेला ई-लर्निंग संच तेवढा चोरीला जाऊ नये म्हणून कपाटात ठेवायला सांगा. आणि शाळेचा पट घसरतोय असं दिसलं तर शाळेचं नाव बदला. इंग्रजीत 'पब्लिक स्कूल' लिहिलं, भिंतीला रंग दिला, की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा समायोजनाने सुटतो: दोन शाळा एक करायच्या, रिकामी इमारत 'जनहितार्थ' म्हणून कुणाला तरी द्यायची. ते कुणी तरी कोण, हे मी सांगायला नको.

तुमची स्वतःची मुलं कुठे शिकतात, असं विचारणारा एखादा निघतोच. रागावू नका. 'पालिकेच्या शाळेतली एक गरिबाची जागा मी अडवली नाही' असं सांगा. टाळ्या मिळतील.

मुंबईबाहेरच्या शहरांतल्या नगरसेवकांना आणखी एक कवच आहे, जे मुंबईकरांना नाही. तुमच्या प्रभागात तुम्ही चार जण असता. शाळेच्या गच्चीवरून पाणी गळतंय म्हणून पालक 'अ'कडे गेले तर ते 'ब'चं काम, 'ब' म्हणतो निधी 'क'ने पळवला, आणि 'ड' विरोधी पक्षाचा असल्यामुळे त्याला अधिकारी जुमानत नाहीत. फेरी पूर्ण होईस्तोवर पावसाळा संपतो.

एवढं सगळं सांभाळलंत, तरी एका जागी जपून राहा. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी ती कागदावर सुखाने नांदते. इतिवृत्त मुख्याध्यापक लिहितात, सह्या पोरांच्या दप्तरातून घरी जाऊन परत येतात. पण कधी तरी एखादी बाई सही करण्याआधी वाचते. घरकाम करणारी असते, दोन घरची भांडी उरकून बैठकीला आलेली. ती विचारते, गेल्या खेपेला पाइप जोडायचं ठरलं होतं, त्याचं काय झालं? मग पुढच्या बैठकीलाही तेच विचारते. मग चार जणी बरोबर आणते.

अशा बाईला आधी पैठणीचा खेळ ठेवून बघा. मग बचत गटाचं अध्यक्षपद. तेही नको म्हणाली, तर तिच्या मुलाचा सत्कार करा. आणि एवढ्यानेही ती पाइपचंच विचारत राहिली, तर प्रभागाच्या आरक्षणाची सोडत कधी निघतेय याची चौकशी आजच करून ठेवा. महिला राखीव निघाला, की वस्तीतले लोक तिचं नाव घेणार आहेत.