बेल्टने आतडं फाटतं म्हणून बेल्टच नको?

एक मेसेज फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनीही टाकला: अपघातात सीटबेल्टमुळे आतडी फाटतात, म्हणून बेल्ट न लावलेलाच बरा, मागच्या सीटवर तर गरजच नाही आणि गरोदर बाईने हातही लावू नये.

काका, आतडं फाटतं हे खरंय. डॉक्टर याला सीटबेल्ट सिंड्रोम म्हणतात, १९६२ पासून हे नाव आहे. पण जास्त करून हे कधी होतं बघा, कमरेचा पट्टा हाडावर न बसता मऊ पोटावर चढलेला असतो तेव्हा. सीट मागे पाडून झोपलं की धडकेत अंग पट्ट्याखालून पुढे सरकतं, पट्टा वर येतो आणि आतडं पट्टा नि मणक्याच्या मध्ये चेपतं, कधीकधी मणकाही मोडतो. म्हणजे पट्टा खाली, कमरेच्या हाडावर घट्ट हवा. लहान मुलांना तो तिथे बसत नाही म्हणून बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी छोटी सीट, साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत.

आणि बेल्टच नसेल तर? छाती स्टिअरिंगवर, डोकं काचेवर, नाहीतर माणूस सरळ गाडीबाहेर. पुढच्या सीटवर बेल्टने मरणाचा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो.

मागच्या सीटचं म्हणाल तर ४ सप्टेंबर २०२२, पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात, मागे बेल्ट न लावता बसलेले दोघं गेले, पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले. अजून काय सांगायचं?

गरोदर बाईनेही लावायचाच, फक्त कमरेचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा आणि तिरका पट्टा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने, पोटावरून कधीच नाही.

मेसेजमध्ये कामाची गोष्ट मात्र एकही नाही. माझ्या मावशीच्या पोटावर अपघातानंतर जांभळा पट्टा उमटला होता, बाकी खरचटलंही नव्हतं, ती म्हणे मला काही झालं नाही, घरी चला. सीटी स्कॅनही नीट आला. डॉक्टरांनी तरी सोडलं नाही, आणि पहाटे पोट फळीसारखं कडक झालं, छोट्या आतड्याला भोक पडलं होतं, लगेच ऑपरेशन केलं म्हणून वाचली. सुरुवातीचा स्कॅन कधीकधी फसवतो, म्हणून पोटावर असा वळ दिसला की दुखो न दुखो, हॉस्पिटल गाठा आणि ठेवून घेतलं तर राहा.

मावशी बेल्ट आजही लावते. बसल्या बसल्या आधी निऱ्या सारखी करते आणि पट्टा ओढून खाली कमरेवर घेते, मगच गाडी सुरू करू देते.