वारस दाखल्याला 11 महिने का लागले: 1 स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, आमच्या वकिली ऑफिसबद्दलचा तुमचा रिव्ह्यू रात्री वाचला, सकाळी परत वाचला. त्या शनिवारी तुम्हाला आणि आईंना दीड तास बाहेर बाकड्यावर बसायला लागलं त्याबद्दल मनापासून माफी मागते, आईंचे गुडघे दुखतात हे मला माहिती होतं, निदान त्यांना तरी आत बसवायला पाहिजे होतं. चूक आमची.

पण "लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव उगीच घुसवलं आणि पैसे काढायला केस लांबवली" असं जे तुम्ही लिहिलंय ना, ते मला गिळवत नाही. अशिलाच्या घरातलं बाहेर सांगायचं नाही हा आमचा नियम आहे, कायदाही तेच सांगतो, त्यामुळे तुम्ही स्वतः जेवढं इथे लिहिलंय तेवढ्यापुरतंच बोलते.

वडिलांची एफडी होती, नॉमिनी तुम्ही होता, म्हणून पैसे तुमचेच असं तुम्हाला वाटत होतं. पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दाखवलं होतं की नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा, सुप्रीम कोर्टाने विम्याच्या बाबतीत 1983 लाच हे सांगितलंय आणि शेअर्सच्या बाबतीत 2023 ला परत सांगितलंय. पैशावर हक्क वारसांचा, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी, मुलगा, बायको आणि आई हे सगळे पहिल्या वर्गात येतात, मुलीचं लग्न झालं म्हणून ती त्यातून बाहेर पडत नाही. सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे बँकेतल्या पैशासाठी लागणारा कोर्टाचा वारस दाखला, त्याच्या अर्जात मयताचे जवळचे नातेवाईक कोण आणि ते कुठे राहतात हे लिहावंच लागतं, 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम 372 आहे, आणि अर्जाच्या खाली "हे सगळं खरं आहे" अशी सही अर्जदाराची असते दादा, म्हणजे तुमची. नाव लपवलं असतं तर कलम 383 खाली दाखला रद्द होऊ शकला असता, वर गुन्हा वेगळा, आणि तेव्हा तुम्ही मलाच विचारलं असतं की मॅडम तुम्ही वकील असून सांगितलं का नाही.

आता 11 महिने. अर्ज मार्चमध्ये दाखल झाला. ताईंचा, म्हणजे तुमच्या बहिणीचा, जो पत्ता तुम्ही दिलात तिथे बेलीफ गेला आणि "सदर पत्त्यावर राहत नाहीत" असा शेरा मारून नोटीस परत आणली, मग मे महिन्याची कोर्टाची सुट्टी लागली, नवीन पत्ता द्या म्हणून तुम्हाला मी स्वतः तीन वेळा फोन केला, ऑफिसमधल्या मुलीने केला तो वेगळाच, आणि पत्ता मिळाला ऑगस्टमध्ये. म्हणजे जवळजवळ पाच महिने फाईल जागची हलली नाही आणि त्यात आमच्या हातात काहीच नव्हतं. त्यानंतर पेपरमधली जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, तुमचा पुरावा, ऑर्डर. ताईंनी कोर्टात येऊन काय केलं ते तुम्हाला माहिती आहे, मी इथे लिहिणार नाही.

पैशाचं म्हणाल तर फी पहिल्या दिवशी ठरली ती 25 हजार, तीन हप्त्यात, तारखेमागे एक रुपयाही वेगळा घेतला नाही, कोर्ट फी सरकारजमा झाली त्याची पावती फाईलला आहे. आणि आई स्वतः अर्जदार झाल्या तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो, महिलांना त्याला उत्पन्नाची अट नाही, हेही मीच सांगितलं होतं, काम हातचं जाईल म्हणून गप्प बसले नाही. हे काम तलाठ्याकडेच झालं असतं असं तुम्ही म्हणताय, पण तलाठ्याकडचं काम म्हणजे सातबाऱ्यावरची वारस नोंद, ती शेतीची, बँकेला ती चालत नाही.

वकिलाला जाहिरात करता येत नाही दादा. कोर्टासमोरच्या या गाळ्यात मी आणि मिस्टर 14 वर्षं बसतोय ते एकाने दुसऱ्याला सांगितलं म्हणून, आणि हल्ली लोक यायच्या आधी मोबाईलवर स्टार बघतात. परवा एका बाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला की तुम्ही केस मुद्दाम लांबवता का. मृत्युपत्र करायचं होतं त्यांना. परत फोन आला नाही.

शनिवारच्या गर्दीचं काहीतरी करतोय, वेळ देऊनच बोलवायचं असं ठरवतोय, आणि तारखेचा मेसेज आदल्या दिवशी जाईल हे पण बघते.

वडिलांचं मूळ पासबुक आणि मृत्यूचा दाखला अजून आमच्याकडेच आहे, मागच्या आठवड्यात फोन केला होता, उचलला नाहीत. संध्याकाळी सहानंतर कधीही या, आईंना जिना चढायला लावू नका, मी खाली आणून देते.