कबुली दिली म्हणून खटला संपत नाही

पणजीत घडणाऱ्या या गुन्हेमालिकेच्या शेवटच्या भागात आरोपी पोलीस ठाण्यात खून कबूल करतो आणि विषय मिटतो. प्रेक्षक चिडलेत ते रास्तच. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम २३). त्याच्या सांगण्यावरून मांडवी नदीतून सुरा निघाला, तर कबुलीतला त्या सुऱ्याचा ठावठिकाणा सांगणारा तेवढाच भाग चालतो. पण इथे जप्तीचे साक्षीदार म्हणून पंच कुठे आहेत? सुरा उघड्या हाताने उचलला, जागेवर सीलही केला नाही! भरतीच्या खाऱ्या पाण्यात रक्ताचे अंश टिकणं आधीच कठीण. कबुली हवीच होती तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, ‘बोलायचं बंधन नाही’ अशी समज देऊन घ्यायची. आठ भाग इतक्या मेहनतीने उभी केलेली तपास अधिकारी शेवटी अशी कच्ची दाखवली, याचं फार वाईट वाटतं.