‘सेवेला थकवा नसतो’ म्हणे!

12 मे, परिचारिका दिन आला की परिचारिकांवरचे फॉरवर्ड उगवतात. यंदाचा आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी टाकला आणि वहिनीला टॅग केलं, ‘खास तुझ्यासाठी!’ वहिनी सिव्हिलला स्टाफ नर्स. नुकतीच नाइट करून आली होती, चप्पलही न काढता ओट्याला टेकून, हातात चहाचा कप धरून पेंगत होती. तिने वाचला नाही. मी वाचला. पाच मुद्दे आहेत.

पहिला, बर्नआऊट, म्हणजे कामाने पार पिचून जाणं, हे पाश्चात्त्यांचं खूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात त्याची रीतसर नोंद आहे. आता तिथेही त्याला ‘आजार’ म्हटलेलं नाही, तेवढं काकांच्या पदरात टाकतो. पण जे म्हटलंय ते त्यांना आणखी अडचणीचं आहे: कामाच्या ठिकाणचा, आटोक्यात न आणलेला सततचा ताण. दुखणं कामाच्या ठिकाणी आहे, बाईच्या मनात नाही.

दुसरा, नाइटची सवय होते. काकांची उभी नोकरी दहा ते पाच. पुढे चला.

तिसऱ्याला मात्र हसावं की रडावं कळेना. ‘फ्लोरेन्स नाइटिंगेल रात्रभर दिवा घेऊन फिरायच्या, कधी दमल्या नाहीत.’ अहो, क्रिमियाच्या युद्धावरून 1856 साली परतल्यावर बाई आजाराने खचल्या आणि पुढची कित्येक वर्षं बरंचसं काम अंथरुणातूनच केलं. काम तरी कसलं? सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, याचे आकडे आणि आकृत्या काढून सरकारपुढे आदळण्याचं. सुविचार वाटत बसल्या नव्हत्या.

चौथा, ‘रोज 10 मिनिटं ध्यान करा, ताण पळेल.’ थोडं खरं आहे. वहिनीही गच्चीवर प्राणायाम करते, बरं वाटतं म्हणते. पण परवा रात्री वॉर्डात 44 पेशंट होते, सात जण खाली गाद्यांवर, आणि सिस्टर ही एकटी. रात्री दहाची औषधं, इंजेक्शनं एकेकाला तीन मिनिटं धरून दिली तरी शेवटच्या पेशंटपाशी सव्वाबारा वाजतात. तेही मधे कुणाची सलाइन संपली नाही तर. ध्यानाने 44 चे 10 होतात का? नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांनी 2002 साली पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास मांडला. नर्समागे एकेक रुग्ण वाढला की तिच्या बर्नआऊटची शक्यता 23 टक्क्यांनी जास्त, आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण 30 दिवसांत दगावण्याची 7 टक्क्यांनी. अभ्यास अमेरिकेतला, मान्य. पण तिथे वाद चार रुग्ण की आठ असा होता.

या मुद्द्याचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. एखादा डोस उशिरा गेला की वहिनी घरी येऊन ‘माझंच चुकलं’ म्हणून गप्प बसते. हा मेसेजही तिला तेच सांगतो, वर फुलांचं चित्र लावून.

पाचवा, परदेशातल्या नर्स बघा कशा हसतमुख. कॅलिफोर्नियात एका नर्सकडे किती रुग्ण द्यायचे याला 2004 पासून कायद्याची मर्यादा आहे, आयसीयूत दोन. हसतील नाही तर काय करतील?

आणि काका, हर्नियाच्या वेळी ‘बेल दाबूनही सिस्टर अर्ध्या तासाने आल्या’ अशी लेखी तक्रार तुम्हीच केली होतीत. त्या रात्री मजल्यावर सिस्टर किती होत्या, ते विचारलं होतंत?