मार्पलबाईंच्या गप्पा भरीच्या नाहीत

अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांत गुन्हे उकलणाऱ्या म्हाताऱ्या मिस मार्पलविषयी एक मत सर्रास ऐकू येतं: बाई नुसत्या गावगप्पा करतात, ‘मला आपलं वाटतं’ म्हणत चाचरतात आणि शेवटी बायकी अंतःप्रेरणेने खुनी सापडतो. यातलं काहीच मला पटत नाही. (पुढे पहिल्याच कथेचं रहस्य फुटणार आहे.)

आधी गप्पांचं. डिसेंबर १९२७ मध्ये आलेल्या त्या कथेत मंडळी रहस्यं सोडवायचा क्लब काढायचा म्हणून माणसं मोजतात. पाचच भरतात; शेजारी विणत बसलेल्या मार्पलबाईंना कुणी धरतच नाही. मग सर हेन्री, स्कॉटलंड यार्डचे माजी आयुक्त, एका विषप्रयोगाची हकिकत सांगतात. नवऱ्याच्या पत्रातले तुटक शब्द टीपकागदावर उमटलेत: बायको मेल्यावर… ‘हंड्रेड्स अँड थाउजंड्स’. ऐकणाऱ्यांना त्यात पैसा दिसतो, शेकडो-हजारो पौंड. बाईंना दिसतात ट्रायफल या गोड पदार्थावर भुरभुरायचे रंगीत साखरेचे दाणे. इंग्लंडच्या स्वयंपाकघरात त्यांना हेच नाव आहे, आणि आर्सेनिक त्या दाण्यांतच होतं! वकील, पाद्री, लेखक, सगळ्यांच्या कानावर तोच शब्द पडला होता.

ही अंतःप्रेरणा म्हणावी, तर बाई असणं पुरेसं ठरलं असतं आणि तिथे बसलेल्या चित्रकार जॉइसलाही उकल सुचली असती. मार्पलबाईंना आठवतात गावातले हरग्रेव्ह्ज. त्यांनी सगळा पैसा एका बाईच्या नावे ठेवला होता, ती पूर्वी त्यांच्याच घरची मोलकरीण, आणि तिच्यापासून त्यांना पाच मुलं. म्हणून बाईंचं लक्ष सर हेन्रींच्या हकिकतीतल्या घरच्या मोलकरणीकडे जातं. वकील कोर्टात असं करतो तेव्हा आपण त्याला नजीर म्हणतो. म्हातारीने केलं की गावगप्पा.

राहिलं चाचरणं. भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७५च्या पुस्तकात अशा बोलण्याचा संबंध स्त्रियांच्या दुय्यम स्थानाशी जोडला. पण मार्पलबाईंसमोर लोक बेसावध होतात ते याच बोलण्यामुळे. आणि नेमकं बोलायची वेळ येते तेव्हा त्या किती नेमक्या असतात! १९५०च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये एक बाई मरण्याच्या जरा आधी ओरडते, ‘शी वॉझन्ट देअर.’ मार्पलबाईंना हवं असतं एवढंच, की जोर कुठल्या शब्दावर होता. मराठीत आपण तो ‘च’ लावून दाखवू: ‘तीच तिथे नव्हती’, ‘ती तिथे नव्हतीच’, ‘ती तिथेच नव्हती’. प्रत्येक वेळी संशय दुसरीकडे वळतो.